मे महिन्यातले मालवण

ज्या महिन्यात शहरातला माणूस विसाव्यासाठी समुद्रकिनारा गाठतो, तोच महिना किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत धावपळीचा असतो, ही गोष्ट मालवणात उन्हाळा काढल्यावाचून सहसा ध्यानात येत नाही. शाळांना सुट्टी लागली की बाजारपेठेच्या अरुंद रस्त्यात पुण्या-कोल्हापूरच्या गाड्यांची रांग लागते आणि सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांना उसंत उरत नाही. परंतु याच दिवसांत विहिरींनी तळ गाठलेला असतो, मासेमारीचा हंगाम संपत आलेला असतो, आणि घराघराला पावसाळ्याची बेगमी करावयाची असते.

मे महिन्याचा पाहुणा मालवणला नवा नाही. मुंबईच्या गिरणगावातला चाकरमानी याच महिन्यात आंब्या-फणसाला घरी येई. पण तो घरचाच असल्याने कौले चाळण्यास, लाकडे भरण्यास त्याचा हात लागे. पुढे 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, 1998 च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, आणि पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेने घरातल्या एक-दोन खोल्या पाहुण्यांना देण्याची रीतसर सोय झाली. दाराशी आलेल्या या उत्पन्नाने पुष्कळ घरे सावरली, हे निःशंकपणे मान्य केले पाहिजे.

पण पाहुण्यांचा भार पडतो तो प्रथम पाण्यावर. मालवणजवळचे देवबाग म्हणजे एका बाजूस अरबी समुद्र व दुसऱ्या बाजूस कर्ली नदीची खाडी यांच्यामध्ये पसरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाचे पाणी या वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्याहून हलके असल्यामुळे त्याच्यावर थर धरून राहते. विहिरीला लागते ते हेच गोडे पाणी. वरून बेताने उपसले तर तो थर टिकतो. पंप लावून अखंड उपसा केला, तर खालचे खारे पाणी वर चढते आणि विहीर मचूळ होते. भर समुद्रातल्या कुरटे बेटावर 1664 साली बांधावयास घेतलेल्या सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि पर्यटक त्या कौतुकाने पाहतात. त्याच कौतुकाचा अंश त्यांनी मुक्कामाच्या घरी न्हाणीघरातल्या नळासाठी राखला, तर मोठे काम होईल. ‘पाणी वायच जपान वापरा हां’ असे घरची बाई संकोचत सांगते, तेव्हा तिच्या मनात पावसाळा येईपर्यंतचे दिवस असतात.

याच बाईचा एक दिवस निरखून पाहावा. पहाटे तव्यावर घावणे, दुपारी माशांचे जेवण, सायंकाळी पुन्हा तेच. आणि या रांधपाच्या फटींत तिला रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, फोडावयाची असतात. बिया काढून टाकलेल्या साली मीठ घातलेल्या रसात भिजवावयाच्या, कडक उन्हात वाळवावयाच्या, पुन्हा भिजवावयाच्या, आणि हा क्रम काही दिवस चालवावयाचा, तेव्हा कुठे काळसर, लवचिक, वर्षभर टिकणारी सोले हाती येतात. त्यासाठी सारवलेले उघडे खळे लागते, आणि मे महिन्यात त्या खळ्यात पाहुण्यांची गाडी उभी असते. मग सोलांच्या चटया कधी माडाखालच्या कवडशात, कधी मांगराच्या आडोशाला सरकत राहतात. त्यात वळिवाची एक सर आली की साऱ्या मेहनतीवर बुरशी चढते. पाहुण्याच्या ताटात सोलकढी ज्या घरातून येते, त्या घराच्या स्वतःच्या बरणीची ही अवस्था मला फार लागते.

माशांचेही असेच. मेच्या उत्तरार्धात दर्या खवळू लागतो, मासळी कमी मिळते, आणि नेमक्या त्याच वेळी प्रत्येक पाहुण्याला सुरमई किंवा पापलेट हवे असते. स्वाभाविकच भाव चढतात आणि गावातले माणूस बांगड्या-पेडव्यांवर भागवते. त्यांचे तिखले किती रुचकर होते, हे पाहुण्याने एकदा मागून पाहावे.

महिनाअखेरीस किल्ल्याच्या होड्या बंद होतात, आणि 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीला सरकारी मनाई असते. ज्या घरात मासेमारी आणि पाहुणे असे दोन्ही व्यवसाय आहेत, तिथे दोन्ही मिळकती एकदमच आटतात. मे महिन्याने दिलेल्या पैशातून मुलांची वह्या-पुस्तके येतात, इंजिनाची दुरुस्ती होते, जाळ्यांचे नवे सूत येते आणि तांदळाची पोती भरली जातात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जाईपर्यंत त्यावरच घर चालते.