फायबर होडीची डागडुजी: जुन्या थरावर नवा थर

पावसाळी मासेमारीबंदीत किनाऱ्यावर ओढलेल्या फायबरच्या होड्यांची डागडुजी चालते. भेगेवर मॅट आणि रेझिनचा थर चढतो, आणि कधीकधी एका हंगामातच तो पापुद्र्यासारखा सुटतो. बोल रेझिनला लागतो. चूक बहुधा खालच्या पृष्ठभागाच्या तयारीत असते.

नवे रेझिन जुन्याशी आपोआप एकजीव होते, हा सर्वांत पक्का रुजलेला गैरसमज. पॉलिस्टर रेझिन हवेतल्या ऑक्सिजनमुळे वरच्या अंगाला काही काळ चिकट राहते. हा चिकटपणा कच्चेपणा समजून काळजी केली जाते, पण पुढचा थर रासायनिकरीत्या जोडला जातो तो त्याच अवस्थेत. पूर्ण सुकलेल्या थरावर मात्र पकड ओरखड्यांचीच. म्हणून ८० नंबरच्या पॉलिश पेपरने झिलई पूर्ण उतरेपर्यंत घासावे. एकही चमकता ठिपका उरू नये.

घासले की सगळी घाण निघते, ही समजूत त्याहून महागात पडते. शेवटच्या थराच्या रेझिनमध्ये बऱ्याचदा मेण असते. ते वर येऊन हवा अडवते. आधी न पुसता घासले, तर हेच मेण ओरखड्यांत भरले जाते. त्यामुळे आधी पुसणे, मग घासणे, हा क्रम मोडू नये. अ‍ॅसिटोनचा तोच बोळा फिरवत राहिल्यास मेण निघत नाही, नुसते पसरते. फडके वारंवार बदलावे लागते. एपॉक्सीची गोष्ट वेगळी. दमट हवेत तिच्यावर मेणचट साय धरते, आणि ती विरघळते साध्या पाण्यात. पाणी आणि खरखरीत स्क्रबरने ती धुवावी, पृष्ठभाग कोरडा करावा, मगच घासावे. स्वच्छ भागावर पाणी सलग पसरते. थेंबांचे मणी झाले तर काम अपुरे आहे.

रंगीत जेलकोटवर मॅट चढवणेही चुकीचे. जेलकोट काढून खालचे काचतंतूंचे थर उघडे करावे लागतात. भेगेच्या कडेला जाडीच्या सुमारे १२ पट लांब उतार द्यावा: ५ मिमी जाडीला ६० मिमी. काटकोनात कापलेल्या कडेवर सगळा ताण एकाच रेषेत येतो.

जुन्या पॉलिस्टरवर एपॉक्सी चांगली बसते. सुकलेल्या एपॉक्सीवर पॉलिस्टरची पकड मात्र भरवशाची नसते.

घासलेल्या भागाला उघडा हात लावू नये, कारण बोटांचे तेलही पकड बिघडवते. धूळ व्हॅक्यूमने ओढावी आणि शक्यतो त्याच दिवशी थर चढवावा. काचेची ही धूळ फुफ्फुसांत जाऊ नये म्हणून ग्राइंडर हाती घेण्यापूर्वी चांगला मास्क हवा. नाकावर बांधलेला रुमाल तिला अडवत नाही.