गुरुजींची फियाट आणि तेलाचा आकडा

दोस्तांनो, आधी एक प्रयोग करा. घरातलं स्टीलचं ताट तिरकं धरा आणि वरच्या कडेला शेजारीशेजारी अर्धा अर्धा चमचा पाणी, गोडेतेल आणि एरंडेल सोडा. शर्यत कोण जिंकतं? पाणी केव्हाच खाली पोचतं, गोडेतेल मागून येतं आणि एरंडेल आपलं निवांत! आता एरंडेलाची बाटली दहा मिनिटं गरम पाण्यात ठेवा आणि पुन्हा सोडून बघा. तेच आळशी एरंडेल कसं पळायला लागतं!

द्रवाच्या या आळसाला शास्त्राच्या पुस्तकात 'श्यानता' म्हणतात. आपण साधं 'दाटपणा' म्हणू. याच दाटपणानं २०१९ च्या मे महिन्यात आम्हाला भर दुपारी माळशेज घाटात उभं केलं होतं.

माझे मामा शहापूरचे. शिक्षक होते, म्हणून सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. ही गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून निघायची, तिला पद्मिनी हे नाव नंतर मिळालं. पण लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. मामांची मात्र अजून धावते.

त्या दिवशी ओतूरला लग्न होतं. किन्हवली, सरळगाव, टोकावडे असं करत आम्ही निघालो. मागच्या सीटवर आजी, मी आणि आहेराची पिशवी. आठवड्यापूर्वीच मामांनी तेल बदललं होतं. एका दुकानदारानं सांगितलं, "हे घ्या, सगळ्यात महाग आणि सगळ्यात भारी." डबा चकचकीत, त्यावर लिहिलेलं ५डब्ल्यू-३०. मामा खूश!

मोरोशी मागे पडली आणि घाट लागला. एका वळणावर पुढे ट्रक अडकला, म्हणून मामांनी गाडी थांबवली. इंजिन नुसतं घुरघुरत होतं, तोच समोरचा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. मामांनी लगेच इंजिन बंद केलं. हे त्यांनी फार शहाणपणाचं केलं. थोड्या वेळानं पट्टी काढून पाहिली, तर तेल काठोकाठ खुणेपर्यंत!

तेल भरपूर, तरी दिवा का लागला? अनेक मोठ्या माणसांनाही वाटतं, की हा दिवा तेल संपल्याचा. तसं नाही. तो तेलाचा दाब कमी झाल्याचा दिवा असतो. इंजिनात क्रँक नावाचा जाड दांडा मिनिटाला हजारो वेळा फिरतो. तो आणि त्याचं बेअरिंग यांच्यामध्ये केसाच्या जाडीएवढीच फट असते. पंप या फटीत दाबानं तेल ढकलतो आणि दांडा त्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत फिरतो. लोखंडाला लोखंड लागतच नाही. पण इंजिन जुनं झालं की फटी रुंदावतात. त्यात तेल तापून पातळ झालं, की ते भसाभसा निसटतं आणि दाब पडतो. पापुद्रा फाटला तर बेअरिंग घासून जातं आणि इंजिन जाम होतं.

मुरबाडचा मेस्त्री मामांचाच जुना विद्यार्थी. फोन केल्यावर तो मोटारसायकलवर डबा बांधून आला. त्यानं पट्टीवरचं तेल बोटांत चोळलं आणि म्हणाला, "गुरुजी, तेल हाय भरपूर, पन दम नाय त्यात."

आता डब्यावरच्या त्या आकड्यांचं कोडं सोडवू. अमेरिकेतल्या एसएई या मोटार इंजिनिअरांच्या संस्थेनं १९११ साली तेलांना नंबर द्यायला सुरुवात केली. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. ५डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे ३० अंशांत घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ अंशांत. एवढ्या गारठ्यात ते इंजिन फिरू देतं का, हे बघतात. आता सांगा, शहापूर-मुरबाडला असा गारठा कधी पडतो? आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे खोबरेल तेल गोठलं तरी आपण कौतुक करतो! म्हणून आपल्या जुन्या गाडीला पहिला आकडा लहान असण्याचं फारसं अप्रूप नाही.

खरी गंमत दुसऱ्या आकड्यात आहे. तो इंजिन तापल्यावरचा, १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. ३० नंबरचं तेल तेव्हा ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक भरतं आणि ५० नंबरचं १६.३ ते २१.९. (नळाचं पाणी साधारण १.) म्हणजे मामांच्या झिजलेल्या इंजिनाला, मे महिन्यात, चढावर, जवळजवळ निम्म्या दाटपणाचं तेल मिळालं होतं. ते तेल वाईट नव्हतं बरं का! अरुंद फटींच्या नव्या इंजिनांना असंच पातळ तेल लागतं. त्यानं पेट्रोलही वाचतं. पण पद्मिनी आणि अँबॅसिडरच्या जमान्यात २०डब्ल्यू-४० आणि २०डब्ल्यू-५० ही तेलं सर्रास वापरायचे.

एकाच डब्यावर दोन आकडे कसे, असं विचाराल. तेलात लांबच लांब रेणूंचे धागे मिसळलेले असतात. थंडीत ते आपल्यासारखेच मुटकुळं करून पडतात, तेलाला अडवत नाहीत. उष्णतेत हातपाय पसरतात आणि तेलाला फार पातळ होऊ देत नाहीत. गाडी चालून चालून हे धागे तुटतात. तेल वेळेवर बदलायचं त्याचं हे एक कारण.

मेस्त्रीनं जुनं तेल सोडून २०डब्ल्यू-५० भरलं. मी फुशारकीनं म्हणालो, "मग याहून जाड घातलं तर आणखी छान!" तो हसला. अति दाट तेल सकाळी गाडी चालू करताना वरच्या भागांपर्यंत चढायला वेळ लावतं, आणि तेवढा वेळ ते भाग कोरडेच घासतात. शिवाय इंजिनाला ते ढवळायलाच जोर लागतो, पेट्रोल जास्त जातं. काही लबाड लोक तर गाडी विकताना मुद्दाम घट्ट तेल भरतात. खडखड ऐकू येत नाही, निळा धूर लपतो, आणि झिजलेल्या रिंगा तशाच राहतात. जुनी गाडी बघायला मोठ्यांबरोबर गेलात, तर थंड इंजिनातली पट्टी काढायला जरूर सांगा.

"गुरुजी, गाडीचं पुस्तक बघितलं का?" मेस्त्रीनं जाताजाता विचारलं. पुस्तक घरी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं! आयुष्यभर मुलांना "पुस्तक उघडा" म्हणणारे मामा यावर काहीच बोलले नाहीत.

दिवा पुन्हा लागला नाही. लग्न चुकलं, जेवण मात्र मिळालं. आता बॉनेटच्या आतल्या बाजूला मामांनी पांढऱ्या रंगानं ठळक लिहून ठेवलंय : २०डब्ल्यू-५०. आजी विचारते, "हा कुणाचा नंबर रे?"