फाटलेल्या आवाजाची किमया

जत्रेत, वरातीत किंवा आपल्याच स्नेहसंमेलनात स्पीकर जास्त वाढवला की कोणीतरी ओरडतेच, "अरे, आवाज फाटतोय!" सुट्टीत मी एका मंडपवाल्याकडे कामाला जातो. तिथला पहिला धडा हाच, की आवाज मोठा झाला तरी चालेल, पण फाटता कामा नये. म्हणूनच रॉक संगीतातील इलेक्ट्रिक गिटारचा आवाज मुद्दाम फाडलेला असतो आणि त्यासाठी पायाने दाबायची एक डबी लोक पैसे मोजून विकत घेतात, हे कळल्यावर मला अचंबा वाटला. त्या डबीचे नाव ओव्हरड्राइव्ह पेडल. हा नुसता गोंगाट आहे, असे आपल्यापैकी पुष्कळांचे मत आहे. मला ते पटत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

आवाज फाटतो म्हणजे नेमके काय होते? गिटारच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. तार कंप पावली की त्या वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उत्पन्न होते आणि ॲम्प्लिफायर ती वाढवतो. परंतु त्याच्याही शक्तीला सीमा असते. सीमेपलीकडे रेटले की ध्वनिलहरीचे माथे छाटले जातात. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये ही छाटणी हळूहळू, गोलाईने होते. म्हणून तो आवाज कानाला उबदार लागतो. मंडपातला फाटका आवाज कर्कश वाटतो, कारण तिथे माथे एकदम सपाट कापले जातात, आणि तेही एका तारेचे नव्हे, तर साऱ्या गाण्याचे.

खरी गंमत पुढे आहे. लहर छाटली की मुळात क्षीण असलेले किंवा नसलेलेही स्वर तिच्यात उमटतात. गिटारची पाचवी तार सेकंदाला ११० कंपने करते. ती छाटली की २२०, ३३०, ४४०, ५५० असे पटीतले स्वर जोरात ऐकू येऊ लागतात. ११० ला षड्ज मानले, तर ३३० हा वरचा पंचम आणि ५५० हा गंधार! तानपुरा नीट जुळला की जो 'स्वयंभू गंधार' ऐकू येतो, तो हाच. तिथे जवारी आणि तिच्यावरचा दोरा हे काम करतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी तर १९२१ साली तंतुवाद्यांवरील आपल्या लेखात दाखवले होते, की साध्या तारेच्या नियमाने जे स्वर उमटायला नकोत, तेही तानपुऱ्यात उमटतात. दोन्हीकडची युक्ती वेगळी, पण फळ एकाच जातीचे.

यावरून रॉकमधले एक कोडे सुटते. हे वादक आवाज फाडला की पुष्कळदा फक्त सा आणि प एकत्र वाजवतात, ग गाळतात. का? ११० आणि १६५ एकदम छाटले गेले, की त्यांच्या वजाबाकीचा ५५ चा खर्जही उमटतो आणि दोन तारांचा आवाज भरदार होतो. उलट गिटारच्या पडद्यांवरचा गंधार हार्मोनियमच्या गंधारासारखा किंचित चढा असतो. तो मुद्दाम वाजवला, तर आपोआप उमटलेल्या गंधाराशी त्याचे भांडण लागते आणि सगळे गढूळ होते. ज्याला आपण गोंगाट म्हणतो, त्यात स्वरांचा एवढा विचार आहे!

हा आवाज सापडला मात्र बिघाडातून. १९५१ साली मेम्फिस येथे 'रॉकेट ८८' या गाण्याच्या वेळी ॲम्प्लिफायर खराब झालेला होता; आत कागद कोंबून तोच वापरला. १९६१ च्या 'डोन्ट वरी' या गाण्यात यंत्राच्या दोषाने ग्रेडी मार्टिनचा बेस गिटार घोगरा आला. त्या बिघाडाची नक्कल करणारी माएस्ट्रो फझ-टोन ही डबी १९६२ साली निघाली आणि १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मुळे जगभर गाजली. १९६४ साली लंडनमध्ये किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर दाढीच्या पात्याने स्पीकरचा कागदच चिरला. (आमच्या मंडपवाल्याने त्याला कामावर ठेवले नसते.)

फझचा आवाज मात्र माशीच्या गुणगुणीसारखा असतो. एरिक क्लॅप्टनने १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या ध्वनिमुद्रिकेत जो मधाळ आवाज काढला, तो मार्शल ॲम्प्लिफायर मोठ्याने वाजवून. शेजारीपाजारी असताना घरात तसे कोण वाजवू शकेल? ही अडचण जपान्यांनी सोडवली. १९७७ मध्ये बॉसचे ओडी-१ आले आणि १९७९ च्या सुमारास आयबानेझचे ट्यूब स्क्रीमर. त्याची रचना सुसुमु तामुरा यांची. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या या हिरव्या डबीत एक चिप आणि दोन डायोड असतात. लहर सुमारे ०.६ व्होल्टपर्यंत चढली की डायोड वाट मोकळी करून देतात आणि तिचा माथा गोलसर दबतो. शिवाय ही डबी खर्ज थोडा कापते आणि मधले स्वर उचलते, त्यामुळे ढोल व बेसच्या गर्दीतही गिटार वेगळा ऐकू येतो.

तरीही, डबी घेतली की आवाज मिळाला, या समजुतीत अर्थ नाही. टेक्सासचा स्टीव्ही रे वॉन ट्यूब स्क्रीमरचा 'ड्राइव्ह' कमी आणि 'लेव्हल' जास्त ठेवत असे, असे सांगतात. म्हणजे डबीने स्वतः फाडायचे थोडे, आणि मोठ्याने वाजणाऱ्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरला पुढे ढकलायचे. १९८३ ची 'टेक्सास फ्लड' ऐकताना लक्ष त्याच्या उजव्या हाताकडे द्यावे. तार हलकी छेडली की स्वर जवळजवळ स्वच्छ राहतो, आणि जोराने छेडली की तोच स्वर गुरगुरतो.