अवतार, डाव आणि दंड : आभासी क्रीडाविश्वाविषयीच्या विज्ञानकथांचा विचार

बीजसंज्ञा : विज्ञानकथा, आभासी वास्तव, ऑनलाइन खेळ, अवतार, माया

प्रस्तावना

ठाण्यातील खोपट येथील एस.टी. बसस्थानकावर गाडीची वाट पाहणारा एखादा तरुण भ्रमणध्वनीवरील खेळात गढून गेलेला असतो. त्याचे शरीर बाकावर असते, कानावर उद्घोषणा पडत असतात. परंतु त्याचे चित्त अन्यत्र असते. ही विभागणी अपूर्ण असते, म्हणूनच गाडी फलाटाला लागताच तो उठतो. ही विभागणी पूर्ण झाली, म्हणजे पाचही ज्ञानेंद्रिये खेळाच्या स्वाधीन झाली आणि बाहेरची कोणतीही हाक आत पोहोचेनाशी झाली, तर काय घडेल? आभासी वास्तवातील सामूहिक खेळांवर आधारलेल्या विज्ञानकथा याच प्रश्नाभोवती उभ्या आहेत. या कथाप्रकाराची वाटचाल, त्यामागील विज्ञान, भारतीय कथापरंपरेशी असलेले त्याचे नाते आणि मराठी विज्ञानकथेपुढील शक्यता यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कथाप्रकाराची वाटचाल

अमेरिकन लेखक स्टॅनली वाइनबॉम यांच्या १९३५ सालच्या ‘पिग्मॅलियन्स स्पेक्टॅकल्स’ या कथेत दृश्य आणि ध्वनीबरोबरच चव, गंध आणि स्पर्श यांचाही अनुभव देणारा चष्मा आढळतो. मात्र तो अनुभव एकट्याचा होता. अनेकांनी एकाच वेळी वावरावे असे आभासी विश्व व्हर्नर विंज यांनी १९८१ मध्ये ‘ट्रू नेम्स’ या लघुकादंबरीत रंगविले. तेथे प्रत्येक जण टोपणनावाने वावरतो आणि ज्याचे खरे नाव उघड होते तो संकटात सापडतो. नील स्टीफन्सन यांच्या ‘स्नो क्रॅश’ (१९९२) या कादंबरीने ‘मेटाव्हर्स’ हा शब्द रूढ केला. अर्नेस्ट क्लाइन यांच्या ‘रेडी प्लेअर वन’ (२०११) मध्ये कर्ज फेडू न शकणाऱ्यांना एक बलाढ्य कंपनी वेठीला धरते आणि आभासी विश्वात राबविते.

या परंपरेतील सर्वाधिक लोकप्रिय कृतींपैकी एक म्हणजे जपानी लेखक रेकी कावाहारा यांची ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’ ही कादंबरीमाला. २००२ पासून ती आंतरजालावर आणि २००९ पासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. २०१२ मध्ये तिच्यावर आधारित ॲनिमेशन मालिका आली. खेळाच्या पहिल्याच दिवशी दहा हजार खेळाडू त्यात अडकतात. बाहेर पडण्याची कळच काढून टाकलेली असते. शंभर मजल्यांचा किल्ला सर केल्याखेरीज सुटका नाही आणि खेळात मृत्यू आला की डोक्यावरील शिरस्त्राण प्रत्यक्ष देहाचाही अंत करते, अशी या कथेची मांडणी आहे.

या मांडणीतील भय मराठी मुलांच्या खेळांच्या भाषेत नेमके सांगता येते. मैदानावर दमलेले किंवा ठेच लागलेले मूल ‘टाइमप्लीज’ म्हणते आणि खेळ त्याच्यापुरता थांबतो. अगदी लहान मूल ‘लिंबूटिंबू’ ठरते. ते बाद झाले तरी त्याच्यावर राज्य येत नाही. खेळ हा लुटुपुटीचा आहे, याचे भान राखणारी ही दोन कलमे होत. ज्या खेळात टाइमप्लीज नाही आणि लिंबूटिंबूही कोणी नाही, तो खेळ उरत नाही. कावाहारा यांच्या कथेतील दहा हजार माणसे नेमकी याच अवस्थेत सापडली आहेत.

कल्पनेमागील विज्ञान

आभासी वास्तवाचे आजचे शिरोयंत्र ज्ञानेंद्रियांना फसविते. मेंदूशी त्याचा थेट संबंध नसतो. दोन डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दाखविल्याने खोलीचा भास होतो. मान वळविताच संवेदक ती हालचाल टिपतात आणि त्यानुसार चित्र बदलते. हा बदल सुमारे वीस सहस्रांश सेकंदाच्या आत व्हावा लागतो, अन्यथा भास मोडतो. डोळे गती पाहतात, परंतु आंतरकर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला ती जाणवत नाही. या विसंगतीमुळे अनेकांना मळमळ होते. घाटात गाडी लागते त्याच्या नेमका उलट हा प्रकार होय. तेथे शरीराला गती जाणवते आणि गाडीच्या आत खिळलेल्या डोळ्यांना ती दिसत नाही. डोक्यावर बसविण्याच्या अशा दर्शकाचा आद्य प्रयोग आयव्हन सदरलँड यांनी १९६८ मध्ये केला होता.

कथांतील ‘संपूर्ण निमज्जन’ ही याहून वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी मेंदूकडून स्नायूंकडे जाणारे संदेश अडवावे लागतील आणि इंद्रियांकडून मेंदूकडे येणारे संदेश कृत्रिम रीतीने निर्माण करावे लागतील. पहिल्या दिशेने, म्हणजे मेंदूतील संकेत वाचण्याच्या बाबतीत, काही प्रगती झाली आहे. २०२४ मध्ये मेंदूत इलेक्ट्रोड बसविलेल्या एका पक्षाघातग्रस्त व्यक्तीने हात न हलविता संगणकावर बुद्धिबळ खेळून दाखविले. परंतु संपूर्ण संवेदनाविश्व मेंदूत उमटविणे आजच्या विज्ञानाच्या आवाक्याबाहेर आहे. कावाहारा यांनी आपल्या कथेतील खेळासाठी २०२२ हे वर्ष योजले होते. ते येऊन गेले. तसे शिरस्त्राण मात्र आले नाही.

भारतीय कथापरंपरेतील पूर्वरूपे

तंत्रज्ञान नवे असले, तरी त्यामागील प्रश्न नवा नाही. ‘योगवासिष्ठा’तील लवण राजाची कथा या संदर्भात लक्षणीय आहे. राजसभेत आलेला ऐंद्रजालिक मोरपिसांचा कुंचला फिरवितो आणि राजा निश्चेष्ट होतो. तो अश्वावर बसून अरण्यात जातो, भुकेने व्याकूळ होतो, चांडाळकन्येशी विवाह करतो, संसार करतो, वृद्ध होतो. अखेरीस दुष्काळात उपाशी मुलाचे हाल न पाहवून तो स्वतःला अग्नीच्या स्वाधीन करू लागतो आणि सभेतच जागा होतो. बाहेर सुमारे दोन मुहूर्त, म्हणजे जेमतेम दीड तास लोटलेला असतो. कथा एवढ्यावर संपत नाही. राजा विंध्य प्रदेशात जाऊन शोध घेतो, तेव्हा तेच गाव आणि आपल्या माणसांसाठी आक्रोश करणारी तीच वृद्धा त्याला प्रत्यक्ष भेटते. भासातील दुःख भासापुरते राहिले नाही, हा या कथेचा गाभा होय.

महाभारतातील मयसभा हे दुसरे उदाहरण. स्फटिकभूमीला पाणी आणि पाण्याला भूमी समजून दुर्योधन फसतो. भासाने झालेली ही फजिती असली, तरी त्यातून उपजलेला अपमान खरा असतो आणि तो पुढे द्यूतसभेपर्यंत पोहोचतो. द्यूत हाही खेळच. परंतु पणाला लागले ते राज्य, बंधू आणि द्रौपदी. फासे पटावर पडतात आणि त्यांचा दंड पटाबाहेर भरावा लागतो.

‘अवतार’ या संज्ञेचा प्रवासही येथे विचारात घ्यावा लागतो. संगणकीय खेळांत १९८० च्या दशकापासून वापरात आलेला आणि ‘स्नो क्रॅश’ने सर्वतोमुखी केलेला हा शब्द मूळ संस्कृत होय. ‘अव’ आणि ‘तृ’ यांपासून आलेल्या या शब्दाचा अर्थ खाली उतरणे असा आहे. पौराणिक अवतार देहाबरोबर देहाची बंधनेही स्वीकारतो. राम विरहाने शोक करतो. कृष्णाला जरा नावाच्या व्याधाचा बाण लागतो. संगणकीय खेळात मात्र अवतार म्हणजे बदलता येणारा वेष. तो मेला तरी खेळाडूला पुन्हा आरंभ करता येतो. ‘हा काय अवतार?’ या बोलीतील प्रश्नात अवतार म्हणजे निव्वळ बाह्यरूप असते. संगणकीय अवतार या अर्थाच्या अधिक जवळचा आहे. ‘सोर्ड आर्ट ऑनलाइन’सारख्या कथा त्या वेषाला पुन्हा मर्त्यता देतात आणि नकळत शब्दाच्या मूळ अर्थाकडे वळतात.

मराठी विज्ञानकथेच्या संदर्भात

१९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने १९७० पासून विज्ञानकथा स्पर्धा सुरू केल्या. त्याच स्पर्धेत १९७४ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठविली आणि तिला प्रथम पारितोषिक मिळाले. पुढे बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे आदी लेखकांनी हा प्रकार समृद्ध केला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने नारळीकरांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा मार्गदर्शक ठरते. ती आभासी वास्तवाची कथा नाही; मात्र एका जगातून दुसऱ्या जगात जाऊन परत येण्याची आहे. मराठे पानिपत जिंकलेल्या जगात गंगाधरपंत काही काळ वावरतात. तिच्या ‘द ॲडव्हेंचर’ या इंग्रजी रूपात पुण्याहून निघालेली गाडी कल्याण ओलांडून एका लांब बोगद्यापलीकडील ‘सरहद्द’ नावाच्या लहान स्थानकावर थांबते. हे वाचताना ठाणे परिसरातील वाचकाला १९१६ साली खुला झालेला पारसिकचा बोगदा आठवावा हे स्वाभाविक आहे. रोजच्या लोकलप्रवासाच्या वाटेवर दोन जगांची सीमा येते, हे या कथेचे बळ होय. परतलेल्या गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान असते. लवण राजाला सापडलेले गाव आणि गंगाधरपंतांजवळचे पान या दोन्ही गोष्टी एकच काम करतात : गेलेला माणूस रिकाम्या हाताने परतत नाही, हे त्या सिद्ध करतात.

आजच्या वास्तवाशी संबंध

खेळाडू खेळातून काय घेऊन परततो, हा प्रश्न आता केवळ कथेचा राहिलेला नाही. खेळात मृत्यू येत नाही. परंतु वेळ, पैसा आणि व्यक्तिगत माहिती यांचा दंड खेळाबाहेर भरावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळावरील ताबा सुटणे, इतर कामांपेक्षा खेळाला अग्रक्रम मिळणे आणि हानी दिसूनही खेळ चालू राहणे ही त्याची लक्षणे होत. सामान्यतः ती बारा महिने दिसून यावी लागतात. केवळ पुष्कळ खेळणे म्हणजे विकार नव्हे, हेही त्यातून स्पष्ट होते. भारतीय संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने ई-स्पोर्ट्स आणि सामाजिक खेळ यांना पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांपासून वेगळे काढले आणि पैशांच्या खेळांवर बंदी घातली. पट आणि पण यांच्यात रेषा आखण्याचाच हा प्रयत्न होय. आभासी वास्तवाची यंत्रे मान, हात आणि काही यंत्रे तर दृष्टीची हालचालही टिपतात. त्यामुळे ‘ट्रू नेम्स’मधील भय नव्या रूपाने समोर येते : टोपणनाव घेतले, तरी देहाच्या लकबी माणसाची ओळख सांगू शकतात.

निष्कर्ष

१. आभासी क्रीडाविश्वाच्या विज्ञानकथांचा मुख्य विषय तंत्रज्ञान नसून खेळ आणि परिणाम यांतील संबंध हा आहे.

२. या कथांतील शिरस्त्राणाचे भाकीत खरे ठरले नाही. कर्ज, ओळख आणि सुटकेचा मार्ग यांविषयीचे त्यांचे प्रश्न मात्र आज प्रत्यक्षात भेडसावत आहेत.

३. योगवासिष्ठ आणि महाभारत यांतील कथा भास व दंड यांचा विचार करण्यासाठी समर्थ परिभाषा पुरवितात. मात्र प्राचीनांना हे तंत्रज्ञान अवगत होते, असा निष्कर्ष त्यांवरून काढणे अशास्त्रीय ठरेल.

४. मराठी विज्ञानकथेला या विषयासाठी परका किल्ला उभारण्याची आवश्यकता नाही. खोपटच्या बसस्थानकावर चित्त हरवून बसलेला प्रवासी हे तिच्यासाठी पुरेसे बीज आहे. त्याची गाडी सुटली की थांबली, आणि घरी पोहोचल्यावर त्याच्या खिशात कोणते फाटके पान निघाले, हे अशा कथेने सांगावे, एवढीच अपेक्षा.