टेम्पोचं भाडं कुठल्या हेडखाली?

अनुदानाच्या प्रस्तावात सगळ्यात आधी लिहिलं जातं आणि सगळ्यात कमी विचार करून लिहिलं जातं ते ‘प्रकल्पाची गरज’ हे कलम. ‘जागतिकीकरणाच्या युगात ग्रामीण विद्यार्थ्यांना आंतरराष्ट्रीय व्यापाराचे ज्ञान अत्यावश्यक आहे’ हे वाक्य ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या मसुद्यांत मी इतक्यांदा वाचलंय, की आता डोळा त्यावर थांबतच नाही. शहापूर खोडून तिथे गडचिरोली घातलं तरी त्या वाक्याचं काही बिघडत नाही. छाननी करणाऱ्यालाही हे कळतं, आणि तिथेच प्रस्ताव पडतो.

आमच्या कॉलेजच्या वाणिज्य विभागाच्या मॅडमनी आणलेला मसुदाही याच वाक्याने सुरू होत होता. विषय होता निर्यात व्यवहारांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम. मुंबई विद्यापीठाच्या टी.वाय.बी.कॉम.ला ‘एक्स्पोर्ट मार्केटिंग’चा पेपर आहेच. मुलं एफओबी आणि सीआयएफमधला फरक पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि पुढे आसनगावहून लोकल धरून ठाण्याला हिशेबाची नोकरी शोधायला जातात. मी मॅडमना म्हटलं, ‘गरज’ नंतर लिहू, आधी वर्गात विचारा, कोणाकोणाच्या घरी भेंडी आहे?

भातकापणी उरकली की या दोन तालुक्यांत जिथे पाणी आहे तिथे भेंडी लागते, आणि त्यातली काही परदेशात जाते. निर्यातीची भेंडी तोडणं हे नाजूक काम. शेंग कोवळी हवी, एका मापाची हवी, अंगावर डाग नको. जरा दाबली, घासली गेली की काही तासांत काळी पडते. क्रेट टेम्पोत चढतात, वाशीकडे पॅकहाउसला जातात, तिथे पुन्हा निवड होते आणि उरलेला माल विमानाने निघतो. युरोपला जाणाऱ्या मालासाठी शेतकऱ्याच्या प्लॉटची नोंदणी लागते. ती अपेडा या केंद्राच्या कृषी-निर्यात संस्थेच्या ‘व्हेजनेट’वर होते. द्राक्षांसाठी ‘ग्रेपनेट’ आहे, आंब्यासाठी ‘मँगोनेट’ आहे, तशातलंच हे. 2014 च्या मे महिन्यात युरोपीय संघाने फळमाशी आणि इतर किडींमुळे हापूस आंबा आणि काही भारतीय भाज्या बंद केल्या, त्यानंतर ही कागदपत्रं आणखी कडक झाली. भेंडी त्या बंदीत नव्हती, पण कीटकनाशकांच्या अंशासाठी तिकडच्या बंदरांवर आणि विमानतळांवर भारतीय भेंडीची जादा तपासणी होते.

वर्गातला एक मुलगा म्हणाला, “सर, आमच्या प्लॉटचा नंबर आहे कृषी सहायकांकडे. पण तो कशाला लागतो ते बाबांनाच माहीत.” तिसऱ्या वर्षाला, एक्स्पोर्ट मार्केटिंगचा विद्यार्थी! ‘गरज’ म्हणून मला याहून भक्कम काही नको होतं. मसुद्यातलं पहिलं वाक्य गेलं आणि त्या जागी त्या नंबराचा प्रवास आला: नोंदणी, फवारणीची वही, पॅकहाउस, रोगमुक्ततेचा फायटोसॅनिटरी दाखला, इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट. अभ्यासक्रमाचे तासही त्याच क्रमाने लागले.

अंदाजपत्रकापाशी मात्र हेड क्लार्क भाऊ बसले, आणि त्यांच्यापुढे कोणाचं काही चालत नाही. मॅडमनी शेतातून वाशीपर्यंत मालाबरोबर मुलांना नेण्याचा खर्च धरला होता. भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवला. “मॅडम, टेम्पोचं भाडं कुठल्या हेडखाली टाकू? ‘प्रवास’मध्ये माणसं येतात, भेंडी येत नाही. आणि पावती कोण देणार?” शेवटी ‘क्षेत्रभेट’ हे वेगळं कलम काढलं, मुलांसाठी एसटीचं भाडं धरलं आणि टेम्पो शेतकऱ्याचा शेतकऱ्याकडे राहिला. भाऊंची कटकट उगाच नसते. पैसे खर्च झाल्यावर वित्तीय नियमांतल्या 12-अ नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं, सनदी लेखापालाची सही घ्यावी लागते, आणि तेव्हा कल्पकता कामाला येत नाही, कलमच विचारलं जातं.

पैसा कुठून मागायचा हा प्रश्न खरं तर सर्वांत आधी यायला हवा, पण तो नेहमी मागाहूनच येतो. केंद्राच्या पीएम-उषा योजनेत कॉलेजांसाठी 5 कोटींपर्यंतचा घटक आहे, पण तो संपूर्ण संस्थेच्या बळकटीकरणासाठी आहे, एका छोट्या अभ्यासक्रमासाठी कोणी तो उघडत नाही. युरोपीय संघाची ‘ज्याँ मोने मॉड्यूल’ ही योजना भारतीय कॉलेजांनाही खुली आहे. तीन वर्षं, दर वर्षी किमान 40 तास शिकवणं, आणि अभ्यास युरोपीय संघाशी निगडित. भेंडीवरचे कीटकनाशकांचे युरोपीय निकष त्यात चपखल बसले असते. आमच्या बैठकीत थोडा वेळ सगळेच खूश झाले. मग भाऊ म्हणाले, “एफसीआरए आहे का आपल्या संस्थेकडे?” नव्हतं. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए कायद्याखालची नोंदणी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर पैसा नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो. तो रस्ता यंदापुरता बाजूला ठेवला.

परदेशी अनुदानाचा विषय निघाला तेव्हा मला अमेरिकेतली एक जुनी अट आठवली. तिथल्या उच्च शिक्षण कायद्यात 1980 साली व्यवसाय आणि आंतरराष्ट्रीय शिक्षणासाठी जे अनुदान आलं, त्यात कॉलेजने एखाद्या व्यापारी संघटनेशी किंवा उद्योगाशी करार केलेला असणं बंधनकारक होतं. आमच्याकडच्या अर्जात तशी सक्ती नाही. ‘सहकार्य करणाऱ्या संस्था’ अशी एक चौकट असते आणि ती बहुधा शेजारच्या कॉलेजच्या लेटरहेडने भरली जाते. मला ही चौकट ‘गरज’च्या कलमाइतकीच महत्त्वाची वाटते. पॅकहाउसवाल्याचं दोन ओळींचं पत्र दहा प्राचार्यांच्या शुभेच्छांपेक्षा जड.

ते पत्र मिळवायला मॅडम आणि तो मुलगा वाशीला गेले. मालक म्हणाले, मुलं आणा, पण गर्दीच्या वेळी नको, रात्री नऊनंतर या. मुली रात्री वाशीहून शहापूरला कशा परतणार, ही अडचण कोणत्याच अर्जात विचारली जात नाही. ‘क्षेत्रभेट’ कलमात एसटीच्या जागी खासगी गाडीचा खर्च आला, भाऊंनी तीन दरपत्रकं मागितली, आणि दोनच मिळाली. आता तिसऱ्यासाठी मुरबाडच्या ट्रॅव्हल्सवाल्याकडे फोन चालू आहेत.