सोलापूरची तेलुगू घरे आणि तंजावरचे नृत्य

सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. तेलंगणातून पोटापाण्यासाठी आलेल्या या कुटुंबांनी हातमाग आणि पुढे यंत्रमाग चालवून सोलापुरी चादरीला नाव मिळवून दिले, मार्कंडेय महामुनींची नारळी पौर्णिमेची रथयात्रा शहराच्या अंगवळणी पाडली, आणि घरात तेलुगू तर बाजारात मराठी असा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला. अशा घरातील मुलगी शास्त्रीय नृत्य शिकू लागली की ती पूर्वजांचाच वारसा उचलते आहे असे सहज मानले जाते. परंतु ही समजूत फारशी टिकत नाही. तेलंगणातील पद्मशालींची जातिपुराणे कुनपुली नावाचे कथेकरी रंगवलेला लांब पट उलगडत सांगत आले. कुचिपुडी हे आंध्रातील कृष्णाकाठच्या ब्राह्मण भागवतांचे नाट्य, तर भरतनाट्यम तमिळ प्रदेशातील देवळांत आणि दरबारांत घडलेले. विणकराच्या नातीला यांपैकी काहीही आयते मिळत नाही, ते वर्गात जाऊन कमवावे लागते.

भरतनाट्यमचे शिक्षण अरमंडीपासून, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धे बसण्याच्या स्थितीपासून सुरू होते. पाऊल, हात आणि नजर यांच्या जुळणीतून बनणाऱ्या मूलभूत हालचालीला ‘अडवू’ म्हणतात, आणि त्या करवून घेताना गुरू लाकडी ठोकळ्यावर दांडक्याने लय धरून ‘तैया तै’ असे बोल म्हणत असतात. हे बोल कोणत्याच भाषेतले नसल्याने ते कोठेही शिकवता येतात. अडते ते अभिनयापाशी, कारण ज्या शब्दम्, वर्णम् आणि पदम् या रचनांवर अभिनय बेतलेला असतो, त्यांचा फार मोठा भाग तेलुगूत आहे. 17व्या शतकातील क्षेत्रय्याच्या पदांत नायिका मुव्वगोपालावर रुसते, त्याला टोमणे मारते; पुण्याच्या विद्यार्थिनीला त्यांचा अर्थ वहीत उतरवून घ्यावा लागतो, तर सोलापूरच्या तेलुगू मुलीला तो आजीला विचारता येतो. अर्थात आजीची तेलंगणी बोली, त्यात मिसळलेली मराठी आणि क्षेत्रय्याची काव्यभाषा यांत अंतर बरेच आहे, म्हणून आजीचे उत्तरही अर्धेमुर्धेच असणार. तरी टोमण्याचा सूर ओळखायला तेवढे पुरते.

घरची भाषा परमुलखात नृत्याच्या आधाराने कशी टिकते, याचे उत्तम उदाहरण तंजावरजवळच्या मेलत्तूर गावात आहे. नायक राजवटीत तेथे वसलेल्या तेलुगू ब्राह्मण कुटुंबांचे वंशज नृसिंह जयंतीच्या सुमारास आजही ‘भागवत मेळा’ ही तेलुगू नृत्यनाटके करतात, आणि स्त्रीभूमिकाही पुरुषच वठवतात.

तंजावरचे भोसले हेही तसे स्थलांतरितच. त्यांनी आपले नृत्य बरोबर नेले नाही. तेथले नृत्य स्वीकारून त्यात मराठी घातली. दुसरे सरफोजी (कारकीर्द 1798–1832) यांच्या दरबारात पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे बंधू होते, ज्यांनी आजच्या भरतनाट्यम मैफलीचा क्रम घडवला. त्याच दरबारात एका कथेवर ‘जयजय’पासून ‘मंगळा’पर्यंत 18 रचना गुंफणारी मराठी निरूपणे लिहिली गेली. ती पुढे विस्मरणात गेली, हे मराठी भाषकांना फारसे भूषणावह नाही. मुंबईत आचार्य पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास केला आणि त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर यांनी ती रंगमंचावर आणली. त्याच मुंबईत, माटुंग्याच्या तमिळ वस्तीत, तंजावर परंपरेतील पिळ्ळै कुटुंबाने 1945 साली श्री राजराजेश्वरी भरतनाट्य कला मंदिर सुरू केले आणि आपली विद्या तमिळेतर मुलींनाही शिकवली.

सोलापूरच्या गुरूंना विषयासाठी लांब जावे लागत नाही. पद्मशाली ज्यांना कुलपुरुष मानतात त्या मार्कंडेयांना शिवाने यमापासून वाचवले, ही कथा तमिळ प्रदेशात तिरुक्कडैयूरच्या देवळाशी जोडलेली आहे आणि भरतनाट्यममध्ये ती नेहमी सादर होते. ‘अभिनयदर्पण’ या हस्तमुद्रांच्या ग्रंथानुसार यम दाखवताना डाव्या हाताने पाश आणि उजव्या हाताने सूची, म्हणजे ताठ तर्जनी, धरतात. शिवलिंगासाठी डाव्या तळव्यावर उजव्या हाताचे शिखर, म्हणजे अंगठा वर केलेली मूठ, ठेवतात. नर्तकी एकदा फास टाकणारा यम होते आणि पुढच्याच आवर्तनात पिंडीला मिठी मारणारा बालक, आणि एवढ्या कथेसाठी तेलुगू, तमिळ किंवा मराठी यांपैकी कोणतेही साहित्य चालते.