खुर्चीत बॅग, मुलगा उभा

पुण्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून आयुष्य गेलं. आता लेकीकडे, सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमध्ये राहते. इथलं सार्वजनिक वाचनालय १९७० सालचं, देशातलं पहिलं पूर्णवेळ शाखा-वाचनालय. सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठाचा केंट रिजचा परिसरही क्वीन्सटाउनच्याच हद्दीत येतो. त्यामुळे परीक्षा जवळ आली की मोक्याचं टेबल मिळणं मुश्कील. टेबलावर चार्जर, पाण्याची बाटली, नोट्सची चळत, खुर्चीत बॅग. मालकाचा पत्ता नाही! फूड सेंटरमध्ये टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरणाऱ्यांचं हे शहर.

अशा वेळी खुर्च्या वाढवायच्या, की बॅगा हलवायचा नियम करायचा? विद्यार्थ्यांना विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विचारायचं कसं तेही ठाऊक हवं. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची समिती येणार म्हटलं की आमच्या कॉलेजात फॉर्म निघत: ‘ग्रंथालयाच्या सेवेबाबत आपण समाधानी आहात का?’ मुलं काउंटरवर उभ्या उभ्या ‘उत्तम’वर खूण करून मोकळी. त्या ‘उत्तम’मधून काय सुधारायचं? शिवाय फॉर्म मिळे तो येणाऱ्यांनाच. जो वर्षभर फिरकलाच नाही, त्याला कोण विचारणार?

अमेरिकेत टेक्सास ए अँड एम विद्यापीठ आणि तिथल्या संशोधन ग्रंथालयांची संघटना यांनी २००० साली ‘लिबक्वाल’ ही पाहणी सुरू केली. तिच्यात मुख्य प्रश्न २२: कर्मचाऱ्यांची वागणूक, हवी ती माहिती मिळण्याची सोय आणि जागा यांविषयी. प्रत्येक प्रश्नाला १ ते ९ मध्ये तीन गुण द्यायचे: किमान किती चालेल, किती असावं आणि प्रत्यक्षात किती मिळतं. समजा, शांततेला एखाद्याने किमान ६, अपेक्षित ८ आणि प्रत्यक्ष ५ दिले. मिळतं ते किमानाच्याही खाली, म्हणजे आधी हात तिथे घालायचा. छपाईला किमान ४, अपेक्षित ६, प्रत्यक्ष ५ मिळाले, तर ते काम थोडं थांबू शकतं. नुसता ‘समाधानी’ हा शेरा हा फरक दाखवत नाही.

पण आकड्यांवर भागत नाही. रोचेस्टर विद्यापीठाच्या ग्रंथालयाने चक्क मानववंशशास्त्रज्ञ नेमली आणि विद्यार्थ्यांच्या हातात कॅमेरे दिले. ग्रंथालयात कुठे गोंधळायला होतं, रोज जवळ काय काय बाळगता, त्याचे फोटो काढून आणा म्हणून सांगितलं. आपल्याकडे एवढा थाट नको. दर दोन तासांनी वाचनकक्षात फेरी मारून माणसं किती आणि नुसत्या बॅगा किती, हे वहीत मांडलं तरी पुष्कळ. खुर्च्या कमी आहेत की अडवलेल्या, ते आठवड्यात कळतं.

वाचकाचा वेळ वाचवा, असं ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय. सर्वेक्षणालाही तोच न्याय लावावा. प्रश्न मोजकेच विचारा, आणि महिन्याभरात नोटीस बोर्डावर लावा: तुम्ही हे मागितलं, एवढं केलं, एवढं जमणार नाही, कारण अमुक. नकार कारणासकट कळला तर मुलं समजून घेतात. काहीच कळलं नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा ‘उत्तम’!